चांदणीच्या डॉक्टर मॅडमना जाहीर धन्यवाद

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमची घोडी चांदणी पुन्हा दस्तुरी नाक्यावर उभी राहू लागली. माथेरानात मोटारींना बंदी, आमची चूल घोड्यावरच पेटते, म्हणून हे आभार चारचौघांत.

तिला स्ट्रँगल्स, म्हणजे घोड्यांचा गाठींचा संसर्गजन्य आजार झाला, जबड्याखालची गाठ फुटली, ताप उतरला. पण डाव्या नाकपुडीतून पिवळा, घाण वासाचा शेंबूड येतच राहिला. मान खाली घातली की जास्तच. नाक्यावर कुजबुज सुरू, 'ग्लँडर्स असणार.' ग्लँडर्स ठरला तर घोड्याला मारावंच लागतं, माणसालाही तो होतो. लोक आमच्या तबेल्यावरून जाईनात. तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेलं, तोवर तिला वेगळं बांधायला लावलंत. ग्लँडर्स नाही असा कागद आला आणि तुम्ही नाकातून दुर्बीण घातलीत.

कानापासून घशाकडे येणाऱ्या नळीला घोड्यात दोन्ही बाजूंना पिशवी असते, एकेकीत 300 ते 500 मिली मावेल एवढी. पिढ्यान्‌पिढ्या घोडे पाळूनही आमच्या घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं! डावी पिशवी पुवाने भरलेली, काही पू वाळून चिंचोक्यांसारखे गोळे झालेले. नुसत्या इंजेक्शनने हे जाणार नाही, म्हणालात. गुंगी देऊन तिची मान खाली सोडलीत, म्हणजे पाणी छातीत उतरू नये, आणि सलाइनने पिशवी धूत बसलात. गोळे एकेक करून ओढून काढलेत. मी म्हटलं, एखादं जालीम औषध टाका की. केवढ्यांदा ओरडलात! त्या पिशवीच्या भिंतीलगत गिळण्याच्या नसा आणि मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते म्हणे. नाकातून रक्त आलं तर बुरशीची शंका घ्यायची, रात्री-अपरात्री फोन करायचा, हेही बजावलंत.

तोबरा बंद, दाणा जमिनीवरच्या घमेल्यात. मान खाली राहिली की पू निथळतो.

सगळ्यात मोठे आभार मात्र तुमच्या हट्टाचे. ती टुणटुणीत दिसायला लागली, सीझन तोंडावर, तरी तुम्ही सोडू दिलं नाहीत. बरा दिसणारा घोडाही या पिशवीत जंतू घेऊन महिनोन्‌महिने फिरतो, इतरांना लावतो. पिशवीतलं पाणी पुन्हा तपासून स्वच्छ आलं, मगच परवानगी. तेव्हा मी चिडलो होतो. पण नाक्यावरच्या दुसऱ्या एकाही घोड्याला लागण झाली नाही.

पुढच्या खेपेला दुर्बीण सोबत आणा. सगळ्या घोडेवाल्यांना गोळा करतो, त्यांनाही ती पिशवी पडद्यावर बघू दे.

आपला,
चांदणीचा मालक