यंत्राला भोत दिसतं, बाबा

पाजपंढरी, हर्णै
१८ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

ताईने पाठवलेला व्हिडिओ मी परवापासून सहा वेळा पाहिला. कॅनडातल्या विनिपेग सरोवराच्या बर्फावर बाबा स्टुलावर बसलेत, पायापाशी बर्फात वीतभर भोक, आणि दाजी त्यांच्यापुढे ते मासे शोधायचं गोल यंत्र धरतायत. बाबांनी हात मागे घेतला. तसा मागे गेलेला हात मी पूर्वी पाहिलाय, म्हणून लिहितोय. फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात.

बाबा, मी बोटीवर असंच मासे शोधायचं यंत्र, फिशफाइंडर, बसवला त्याच हंगामात तुम्ही दर्यावर यायचं कमी केलंत. आपण भांडलो नाही. पण मी खलाशांसमोर म्हणालो होतो, "आता दोरीला शिसं बांधून किती वाव खोल ते मोजत बसायला नको." ते मी बोलायला नको होतं. इतकी वर्षं सलतंय.

त्या यंत्राशी रोज बसून मला जे कळलं ते आज सांगतो. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, आपल्या कानाला ऐकू न येणारा. तो तळावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. वाटेत मासा असेल तर आवाज त्याच्यावरूनही परत फिरतो. पण माशाच्या मांसाचा त्याला फारसा अडथळा होत नाही. आवाज परत फिरवते ती माशाच्या पोटातली हवेची पिशवी. म्हणजे भोत! जे घोळीच्या पोटातून सुरीचं टोकही न लावता सोडवून तुम्ही आईच्या हातात द्यायचात, तेच. मुशीला भोत नसतं, म्हणून एवढी मोठी मुशी असूनही पडद्यावर फिकी दिसते.

आणि तुम्ही वल्ह्याचा दांडा कानाला लावून घोळीची गुरगुर ऐकायचात ना? घोळ ती गुरगुर भोतावरच घुमवते. मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही. जपानमध्ये फुरुनो भावांनी १९४८ साली मासे शोधायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरात भोताचा आवाज ऐकत होते.

आता बर्फावरचं. यंत्राचा जो भाग पाण्यात सोडायचा, तो भोकात सरळ लोंबला पाहिजे. तिरका झाला की आवाज बाजूला जातो आणि खोली खोटी दिसते. भोकातला बर्फाचा भुगा झाऱ्याने काढून टाका. बर्फ काचेसारखा नितळ असेल तर भोक पाडायच्या आधीच वर थोडं पाणी ओतून यंत्र टेकवलं तरी खोली कळते, कारण मधे हवा उरत नाही. बुडबुडे असलेल्या पांढऱ्या बर्फातून ते जमत नाही.

आवाज खाली जाताना घागऱ्यासारखा पसरतो. कोन २० अंशांचा असेल तर १० मीटर खोल तळावर जेमतेम साडेतीन मीटरचा गोल दिसतो. पडदा रिकामा म्हणजे पाणी रिकामं नव्हे, मासा दोन हात बाजूला असू शकतो. गोलाच्या कडेला असलेला मासा आहे त्यापेक्षा खोल दिसतो, आणि तळाला चिकटलेला तर तळाच्या रेघेतच लपतो. गोठलेल्या तळ्यात त्यातल्या त्यात उबदार पाणी तळाशी असतं, कारण पाणी ४ अंशांना सगळ्यात जड होतं. त्यामुळे तळापासून हातभर वरची जागा सोडू नका. खाली खडप असेल तर तळाची रेघ ठळक येईल, चिखल असेल तर मऊ. शिशाला लागलेला गाळ बोटांत चोळून तुम्ही जे सांगायचात, ते इथे रेघेवरून ओळखायचं.

तुमची गरीसुद्धा पडद्यावर बारीक रेघ होऊन दिसते. गरी हलवा, रेघ हलेल. रेघ दिसतच नसेल तर यंत्राची संवेदनक्षमता वाढवा, पडदाभर कचरा दिसला तर कमी करा. शेजारच्या भोकात दाजींचं दुसरं यंत्र चालू असेल तरी कचरा येतो. मग तळाकडून दुसरी रेघ वर सरकेल. तो मासा आमिष बघायला आलाय. तेव्हा घाई करू नका. गरी हळूहळू वर घ्या, त्याच्यापासून पळतेय अशी. तो मागे आला तर घेणार. तो थबकला तर गरी किती हलवायची, की अजिबात हलवायची नाही, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. चिपळूणच्या खाडीत गरवताना ते तुम्हीच मला शिकवलंत, मी आठ वर्षांचा होतो.

आई, तुझ्यासाठी दोनच गोष्टी. नितळ बर्फ निदान १० सेंटीमीटर जाड असल्याशिवाय बाबांना त्यावर पाय ठेवू देऊ नकोस. पांढरा असेल तर दुप्पट हवा. दाजींना प्रत्येक ठिकाणी भोक पाडून मोजायला लाव, एका जागी जाड म्हणजे सगळीकडे जाड नसतो. आणि यंत्राची बॅटरी थंडीत लवकर उतरते, निघेपर्यंत ती बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेव. सुकट ताईकडे पोचली का? या वेळी सूनबाईने स्वतः सुकवलीय, तुझ्याइतकी कोरडी नाही झाली.

बाबा, तुमचं शिसं मी फेकलेलं नाही. दोरी नवी लावून केबिनमध्ये टांगलंय. पुढच्या वेळी मासा लागला की तो कितव्या वावावर होता ते आईकडून लिहून पाठवा. मीटरमध्ये नको, वावातच.

सुवर्णदुर्गाकडून बोटी आत यायला लागल्यात, लिलाव सुरू होईल. निघतो.

तुमचा,
बाळू