शेपट्या ओळखायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

हे आभार जाहीर लिहितेय. समोर बोलले की तुम्ही विषय बदलता.

पहिल्याच भेटीत मी मोठ्या उत्साहाने म्हणाले होते, "देवमाशांनाही संस्कृती असते, ते एकमेकांचं बघून शिकतात." तुम्ही एवढंच विचारलंत, "कोण कोणाचं बघून? आणि कशावरून?" मी गप्प. मग तुम्ही हंपबॅक देवमाशांच्या फोटोंचा गठ्ठा पुढे सरकवलात. नुसत्या शेपट्या! शेपटीवरून कोणता देवमासा ते ओळखायचं. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. तुम्ही शेजारी बसून एकेकीवर बोट ठेवत गेलात: हिची कड फाटलेली, हिच्या पांढऱ्या भागावर तिरका ओरखडा, ही जवळजवळ सगळी काळी. चौथ्या दिवशी एक मी आपणहून ओळखली. तुमच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरणार नाही.

पुढे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या मेनच्या आखाताची गोष्ट आली. १९८० साली तिथे एका हंपबॅकने बुडबुड्यांनी मासे घेरण्याआधी पाण्यावर शेपूट आपटलेली दिसली. त्या सुमारास त्यांच्या खाण्यातले हेरिंग मासे घटले, सँड लान्स नावाचे छोटे मासे वाढले आणि ही लकब पसरत गेली. मी लगेच म्हणाले, "बघा, शिकले!" तुम्ही म्हणालात, "नवं खाणं आलं म्हणून प्रत्येकाने आपापली युक्ती शोधली नसेल कशावरून?"

त्याचं उत्तर २७ वर्षांच्या नोंदींत होतं: कोणता देवमासा, कधी, कोणाच्या सोबत दिसला. शेपूट आपटणाऱ्यांच्या संगतीत जास्त राहिलेल्यांनी ही लकब उचलण्याची शक्यता जास्त होती. हे २०१३ मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं. सँड लान्स कुठे, किती होते याचाही वाटा होता, आणि हे वाक्य गाळू नकोस म्हणून तुम्ही मला दोनदा बजावलंत. बऱ्याचशा नोंदी पर्यटकांच्या बोटींवरून वर्षानुवर्षं शेपट्या टिपणाऱ्या निरीक्षकांच्या. त्यांचेही आभार मानायला तुम्हीच शिकवलंत.

सध्या ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे या उपसागरातल्या डॉल्फिनांवर लिहितेय. चोचीवर समुद्रातला स्पंज (एक मऊ सागरी जीव) चढवून समुद्रतळ उकरणाऱ्या आईचं बघून मुली ती रीत उचलतात, मुलगे फार कमी. समासात मी आधीच लिहून ठेवलंय, "का? कशावरून?" अक्षर माझं, आवाज तुमचा.

प्रकरण रविवारी पाठवते. लाल पेन घेऊनच बसा.

तुमची,
शेपट्यांची विद्यार्थिनी