खुर्चीचा नंबर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
कोजागरीनंतरचा शनिवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा, तुमचा फोन म्हणजे "जेवलीस का, पाणी आलं का, बरं ठेवतो." दीड मिनिटात कारभार आटोपला. आणि आई, तू स्पीकरवर असलीस की दादाच्या घरात सगळ्यांना ऐकू जाईल म्हणून जपून बोलतेस. म्हणून लिहायला बसले. सावकाश वाचा. बाबा, चष्मा लावून.

आधी घरचं. गच्चीवरची टाकी धुऊन घेतली. जास्वंद पावसात आडवी झालेली, तिला काठी बांधली, आता बरी आहे. उद्यमनगरच्या गाळ्याचं भाडं या महिन्याचं आलं, गेल्या महिन्याचं "देतो की ताई" वर आहे. शेजारच्या काकूंनी आईच्या कटाच्या आमटीची आठवण काढली. तिसऱ्यांदा. मी काय ते समजून घेतलं, पण माझ्या आमटीनं त्यांचं समाधान होईना.

आता मुद्द्याचं. दादा म्हणाला, बाबांच्या कानावर आलंय की पोरगी रात्री-अपरात्री हिंडते. हिंडते. कुणी सांगितलं तेही मला ठाऊक आहे, आपल्या कोपऱ्यावरची बातमी पुण्याला माझ्या आधी पोचते. तर कुठं हिंडते ते आता माझ्याकडूनच ऐका.

शाहू स्मारकात महिन्यातनं दोन-तीनदा जाणं होतं. काम संपवून लॅपटॉप मिटायचा, दसरा चौकात उतरायचं आणि कलादालनात चक्कर मारायची. खरं सांगू? निम्मी प्रदर्शनं बघून चिडचिड होते. रंकाळा, पंचगंगेचा घाट, अंबाबाईचं शिखर. पुन्हा रंकाळा. हात सगळ्यांचे तयार आहेत, पाणी असं रंगवतात की बोट बुडवून बघावं. पण आबालाल रहिमानांनी हा रंकाळा शंभर वर्षांपूर्वीच काढून ठेवलाय. त्यानंतर त्याच्यावर जलपर्णी माजली, काठाला चौपाटी आली, भेळेच्या गाड्या आल्या, कठड्यावर लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी आली. यातलं कुणाच्या चित्रात काही येत नाही. शाहू महाराज गेल्यावर आबालालांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडून दिली असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. मला मात्र कधीकधी वाटतं, ती बुडालेली चित्रंच ही मंडळी अजून बाहेर काढत बसलीत.

पण मध्येच एखादं असं दिसतं की पाय हलत नाही. एका पोरीनं लेथमधनं निघणारा लोखंडाचा वेटोळ्या-वेटोळ्यांचा चुरा गोळा करून, तारेत ओवून नऊवारी लुगडं केलं होतं. छतापासून टांगलेलं. पंख्याच्या वाऱ्यानं बारीक किणकिणायचं. जवळ गेलं की तुमच्या शर्टाला यायचा तसा तेलाचा वास. बाबा, तुम्ही असता तर विचारलं असतं, "किलोला किती जाईल?" आणि मग, मला खात्री आहे, दोन वेळा परत येऊन बघितलं असतं. त्या पोरीचे वडीलही उद्यमनगरातच कामाला आहेत.

रात्रीचं म्हणाल तर राजारामपुरीत आणि ताराबाई पार्कात आता बरेच कॅफे झालेत. एका ठिकाणी शुक्रवारी पोरं-पोरी माइक घेऊन कविता म्हणतात, विनोद सांगतात. कविता लांबतात. विनोद बेताचे. पण परवा एकानं पीटीएमच्या घरातला पोरगा आणि दिलबहारच्या घरातली पोरगी यांच्या लग्नाची बैठक रंगवली. मानपान, हुंडा कशावरच वाद नाही, फक्त फुटबॉल मॅचच्या दिवशी जावयानं कुठल्या गॅलरीत बसायचं यावर लग्न मोडतं. हसून हसून पोटात गोळा आला. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळलं नसतं, आणि तेच मला आवडलं.

तिथंच शाळेतली एक मैत्रीण भेटली, वीस वर्षांनी. "अगं मी आलो तवा तू दिसली न्हाईस, मी म्हटलं गेलीस काय!" पुण्यात माझ्या तोंडून चुकून 'मी आलो' निघालं की ऑफिसातल्या बायका हसायच्या, म्हणून मी ते घासून घासून पुसून टाकलं होतं. त्या रात्री घरी आले ती 'आलो' म्हणतच.

बाबूराव पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी आपल्याकडं आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवते, हे तुम्हाला माहीत आहे. शेवटचा शो बघून घरी येताना मी मुद्दाम खरी कॉर्नरवरनं येते. तिथला बाबूरावांचा कॅमेरा मानस्तंभ दिवसा गाड्यांच्या गर्दीत दिसतसुद्धा नाही. रात्री दिसतो. स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवणारा माणूस या गल्ल्यांतनं हिंडला. तुमच्यासारखाच, यंत्र उघडून बघितल्याशिवाय चैन न पडणारा.

आणि अष्टमीची रात्र! आई, अंबाबाईची नगरप्रदक्षिणा मी यंदा पहिल्यांदा रस्त्यावर उभं राहून बघितली. महाद्वार, गुजरी, भवानी मंडप, सगळा रस्ताभर रांगोळ्या. बायका ओणव्या होऊन रंग भरतायत, पोरं दोरी धरून गर्दी थोपवतायत, आणि देवी आली की दहा मिनिटांत त्यावरनं हजार पाय जाणार, हे सगळ्यांना ठाऊक. गुजरीच्या तोंडाला एक बाई गालिचा काढत होत्या. चिमटीतनं रेघ सोडायची त्यांची पद्धत हुबेहूब तुझी, करंगळी वर. मी तिथंच अर्धा तास उभी राहिले. रंगाची पिशवी धरायला लागले शेवटी. पालखीची तोफ झाली तेव्हा त्या उठल्या, कंबर धरून म्हणाल्या, "झालं बाई माझं." आणि वाहन जायच्या आत निघूनही गेल्या. पुसली जाताना बघायला थांबल्या नाहीत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

कोजागरीच्या आधल्या शनिवारी शिवाजी पेठेत एका पडक्या वाड्यात चार-पाच कला शाखेच्या पोरांनी प्रदर्शन मांडलं होतं. आमंत्रणपत्रिका नाही, उद्घाटक नाही, नारळ नाही. व्हॉट्सॅपवर एक मेसेज: "सातनंतर या. टॉर्च आणा." चौकात बल्ब होते, माडीवर नव्हते. जिना कुरकुरत होता. वर गेले तर लांबलचक भिंतीवर केशवराव भोसले नाट्यगृहाच्या खुर्च्या. कोळशानं काढलेल्या, रांगेनं, प्रत्येकीला नंबर. टॉर्च फिरवली की तेवढ्याच दिसायच्या, बाकीच्या अंधारात.

बाबा, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आईनं मला पुण्याला फोन केला होता. "नाट्यगृह पेटलंय. तुझे बाबा गॅलरीत उभे आहेत, बोलत नाहीत." दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी 1913 ला पॅलेस थिएटर म्हणून बांधायला घेतलेलं हे नाट्यगृह, 1915 ला उभं राहिलेलं, शंभरावर वर्षं टिकलं आणि एका रात्रीत आत काही उरलं नाही. तुम्ही त्यावर आजतागायत एक शब्द बोलला नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि दादाकडं जायला तुम्ही इतक्या पटकन तयार झालात, की मला तेव्हाच शंका आली होती, कारण फक्त गुडघा नाही. "आता कोल्हापुरात काय ठेवलंय," हे तुमचं वाक्य दादानं मला सांगितलं आहे.

तर त्या भिंतीपाशी एक बारकी पोरगी कोळसा घेऊन उभी होती. येणाऱ्याला विचारायची, "तुमची खुर्ची कुठली?" लोक नंबर सांगायचे. नंबर आठवत नसला तर "डावीकडं, खांबाच्या पुढं" असं. मग त्या खुर्चीखाली तिथं बसून काय बघितलं ते एका ओळीत लिहायचं. एका आजोबांनी लिहिलं होतं, "येथे बसून पहिल्यांदा रडलो." कुणीतरी लिहिलं होतं, "ढेकूण." एका पोरानं, "स्टेजवरून ही खुर्ची कायम रिकामी दिसायची."

मी म्हटलं, माझ्या बाबांची खुर्ची कडेची, पाय लांब करता यावेत म्हणून. नंबर मला माहीत नव्हता. ती म्हणाली, "आणि तुमची?"

मला सांगता येईना. मी त्या नाट्यगृहात गेले ती फक्त बालनाट्याला, मे महिन्यात, दुपारी. बाकी टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार'ची 'मैफल रंगसुरांची' असायची, तिला तुम्ही मला खांद्यावर घेऊन जायचात. झाडाखाली चित्रकार, शिल्पकार, मध्ये गाणं. पण तीही उजेडातली. रात्रीचं कोल्हापूर तुमचं होतं आणि दादाचं. विसर्जनाच्या रात्री दादा मिरजकर तिकटीला, पापाच्या तिकटीला पहाटेपर्यंत नाचायचा. मी गॅलरीत. ढोल लांबनं ऐकायचे आणि कुठल्या तालमीचा गणपती कुठवर आला असेल याचा अंदाज बांधायचे. तक्रार नाही असं लिहिणार होते. पण आहे, बाबा. थोडी आहे. अठरा वर्षं या गावात काढली, आणि निम्मं गाव मला एकोणचाळिसाव्या वर्षी बघायला मिळतंय.

मग त्या पोरीनं विचारलं, "आईंची?"

आई, तुझी खुर्ची कुठली गं?

मी जिन्यात बसून आठवत राहिले. बाबा नाटकाहून आले की साडेबाराला तू भाकरी गरम करायचीस. बाबा पदं गुणगुणत जेवायचे, नाटकाची गोष्ट सांगायचे, आणि तू परातीत पीठ झाकत ऐकायचीस. तुला सगळी नाटकं ठाऊक आहेत, अंकांसकट. एकही बघितलेलं मला आठवत नाही. नाट्यगृह घरापासून चालत दहा मिनिटं. देवल क्लबही तसाच, 1883 पासून गाणं तिथं चालू आहे, तिथली तान आपल्या गल्लीत यायची नाही एवढंच. कदाचित माझ्या जन्माआधी गेली असशील. तसं असेल तर कळव, मला फार आनंद होईल.

त्या रात्री निघायला साडेअकरा झाले. रिक्षा मिळाली. रिक्षावाले काका तुमच्या वयाचे. "नाटकाला गेलेला काय?" मी म्हटलं, नाटकच म्हणा. मग त्यांनीच सुरू केलं, नाट्यगृह पुन्हा उभं राहतंय, दगडी भिंती तशाच ठेवून, काम चाललंय, पहिल्या प्रयोगाला सवारी नाही घ्यायची असं ठरवलंय त्यांनी. स्वतःच आत जाऊन बसणार. आपल्या दारात सोडलं आणि आतला दिवा लागेपर्यंत रिक्षा हलवली नाही. तेव्हा माझी काळजी करू नका म्हणत नाही, पण एकटी मीच करायची असंही नाही, एवढं समजा.

आता सांगते ते दोघांनी ऐका. त्रिपुरी पौर्णिमेला अजून तीन आठवडे आहेत. पंचगंगेच्या घाटावर पहाटे दीपोत्सव असतो. चार वाजता दिवे लावायला सुरुवात होते, पाण्यात सगळ्या दीपमाळा उलट्या दिसतात, आणि घाटभर रांगोळ्या. दादाशी बोलले आहे, तो शनिवारीच तुम्हाला आणून सोडेल. बाबांना घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, वरच्या बाजूला खुर्ची टाकून देते. हो, खुर्ची. शाल आणि कानटोपी विसरू नका, नदीचं गार वारं असतं. नंतर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, आणि मिसळ कुठली ते आत्ताच ठरवत नाही, त्यावरनं घरात भांडण होतं.

आई, तू मात्र खाली यायचं, पाण्यापर्यंत. उजाडायच्या आत.

तुमची,
राणी

ता.क. बाबा, नंबर आठवत असेल तर फोन करा. त्या पोरीनं जागा राखून ठेवली आहे, शेजारच्या खुर्चीसकट.
आई, रांगोळीचा पत्र्याचा डबा माळ्यावर सापडला. झाकण गंजलंय, आतली रांगोळी कोरडी आहे. रंग तेवढे नवे आणते, कुठले हवेत ते सांग.