चांगल्या दिवसांची धास्ती

चि. शमा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर "बाबा, आता पुरे" म्हणून तू बोलणे तोडलेस, म्हणून हे लिहितो आहे. व्यायाम सोड, असे मी म्हटले नव्हते. तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीत पडून राहिले की स्नायू दुबळे होतात आणि मग साध्या हालचालीनेही कळ येते. दुखले म्हणजे दर वेळी आत काही नवे बिघडलेच असे नाही, हे तर तूच मला समजावलेस. मला धास्ती आहे ती तुझ्या चांगल्या दिवसांची. पाठ जरा मोकळी वाटली की तू महिन्याभराची कसर एका दिवसात भरून काढायला निघतेस आणि पुढचा आठवडा अंथरुणात काढतेस.

हा स्वभाव जुनाच. शाळेच्या शर्यतीत गुडघा फुटून मोजा रक्ताने चिकटला, तरी तू रेघ ओलांडूनच बसलीस. आत्या ओरडत होती आणि माझी मात्र छाती फुगली होती.

दहा मिनिटे चालणे निभत असेल, तर चांगल्या दिवशीही दहाच मिनिटे चाल, आणि आठवडा-दोन आठवडे ते विनातक्रार निभल्यावरच एखाद-दोन मिनिटे वाढव. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही नेहमीच्या पातळीवर उतरले नाही, तर मात्रा जास्त झाली असे समज. गोळीने कळ दबलेली असताना तर जोर मुळीच वाढवू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेचा आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचा आकडा तू मनावर घेतला आहेस. पण २०२० च्या त्याच मार्गदर्शनात, काहीच न करण्यापेक्षा थोडी हालचालही हितकर, असे म्हटले आहे. तेवढेच नेमके तुझ्या नजरेतून सुटते!

पाहा, पुन्हा व्याख्यान झाले; क्षमा कर. एवढे मात्र ऐकच: पायातले बळ एकाएकी गेले, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठ.

फिजिओथेरपीची पुढची तारीख आईला कळव. आणि त्या दिवशी पाठ कितीही मोकळी असली, तरी लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ नकोस.

तुझा,
बाबा