फोन कपाटात ठेवणाऱ्या मुलाचा पेपर आम्हीच बुडवला

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टरही आहे. दर जुलैत नव्या मुलांपुढे माझं एक ठरलेलं भाषण होतं : रात्री दहानंतर मोबाइल कपाटात. गेल्या वर्षी एफवायच्या एका मुलाने ते मनावर घेतलं. इतक्या वर्षांत तसा तो एकटाच.

एका रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडली : उद्याची इंटर्नल परीक्षा दहाऐवजी आठला. बाकीचे जागेच होते, अंगठे दाखवून मोकळे झाले. याचा रूम पार्टनर सायन्सचा, त्याला काय पत्ता! साडेनऊला हा खिशाला पेन लावून वर्गावर पोचला, तेव्हा पेपर गोळा झालेले होते. "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना," एवढंच तो म्हणाला. भांडून मी त्याची फेरपरीक्षा घ्यायला लावली. आता तो फोन उशाशी घेऊन झोपतो, आणि मी ते भाषण बंद केलं आहे.

मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की आपण सगळे रील्सवर घसरतो. रील्स आहेतच, रात्री दोनला खोल्यांच्या झडपांतून तो निळसर उजेड मी रोज पाहतो. पण दिवसभर त्यांच्या हातात फोन देतो कोण? शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलचा ओटीपी, श्रेयांकांच्या खात्याचा एबीसी आयडी, हॉलतिकीट, निकाल, असाइनमेंट, सगळं तिथेच. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरून करता येतात. यातलं काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी खेटे घालून चपला झिजवणारी मुलं मी पाहिली आहेत. पण सूचना बघायला उचललेला फोन सूचना बघून झाल्यावर खाली जात नाही. माझाही जात नाही.

मागे आमच्याकडे 'डिजिटल डिटॉक्स' कार्यशाळा झाली. नोंदणी क्यूआर कोडवर, हजेरी गूगल फॉर्मवर, प्रमाणपत्र लिंकवर. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो हवा, म्हणून वक्त्यांना मध्येच थांबवून मुलांना फोन बाहेर काढायला लावले. मीच लावले.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल आपण ऐकलं असेल. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते : भोंगा पोरांपुरता नाही, आईबापांनाही लागू आहे. आमच्याकडे तो फक्त पोरांसाठी वाजतो.

म्हणून मागणं एवढंच. रात्री आठ ते सकाळी सात या वेळात ग्रुपवर टाकलेली सूचना 'दिली' असं धरू नये. परीक्षेच्या वेळेतला बदल किमान एक पूर्ण दिवस आधी आणि कागदावर लावावा. विद्यापीठं स्वायत्त आहेत, विद्यापीठांचा २०१६ चा कायदा मला ठाऊक आहे. तरी शासनाचं एक पत्र आलं की प्राचार्य कसे हलतात, हेही ठाऊक आहे. हाच नियम प्राध्यापकांनाही लावा. वरून रात्री नऊला 'माहिती आजच पाठवा' असं आलं की ते आम्ही मुलांकडे ढकलतो.

एक धास्ती आहे. या विषयावर काही करायचं ठरलं की 'मोबाइलचं व्यसन' म्हणून मोहीम निघते, शपथ होते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्वतंत्र जागा आहे, नुसत्या मोबाइल वापराला नाही. कुणाला उपचार हवेत आणि कुणाला नुसती झोप, हे ओळखायला प्रशिक्षित माणूस लागतो. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक समुपदेशक असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. आमच्याकडे ते काम अजून मानसशास्त्राच्या मॅडम तासांच्या मधल्या वेळात करतात.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावायला मी परवा सूचनाफलक उघडला. आतली शेवटची सूचना मार्च २०२० ची होती : महाविद्यालय पुढील आदेशापर्यंत बंद राहील. ती काढली, काच पुसून घेतली. किल्ली आता माझ्याकडेच आहे. आपलं पत्र आलं की पहिलं तिथे लावतो. तेवढं रात्री आठच्या आत पाठवावं.

आपला,
एक रेक्टर