पिवळ्या पावडरीचं इंजेक्शन जिल्ह्याच्या फ्रीजमध्ये का नसावं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकूंना म्युकर झाला. हो, तोच, ज्याला आपण ब्लॅक फंगस म्हणायचो. कोविड वगैरे काही नाही, नुसती शुगर, ती पण साडेतीनशेच्या वर आणि गोळ्या मधेच सोडलेल्या. आधी गाल बधिर झाला, मग वरच्या दाढा हलायला लागल्या, नाकातून काळपट पाणी यायला लागलं, आणि एका दवाखान्यात त्यांना आठ दिवस फ्लुकोनाझोलच्या गोळ्या दिल्या. ही गोळी म्युकरवर चालतच नाही. मी डॉक्टर नाही, पण 2021 च्या मे महिन्यात आमचे अण्णा याच आजारातून वाचलेत, त्यामुळे म्युकरवर चालणाऱ्या एका औषधाबद्दल मला जे कळलंय ते लिहितोय, कृपया छापा.

औषधाचं नाव अँफोटेरिसिन बी. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून 1950 च्या दशकात मिळालेलं, म्हणजे जुनंच आहे. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, हे औषध त्याला जाऊन चिकटतं आणि आवरणाला भोकं पडतात. आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं, पण दोन्ही एकमेकांच्या जवळचे, म्हणून थोडा मार आपल्यालाही बसतो, आणि सगळ्यात जास्त किडनीला.

तो मार मी डोळ्यांनी बघितलाय. याचा सुधारलेला, लिपोसोमल प्रकार कुठेच मिळेना म्हणून पहिले चार दिवस अण्णांना साधं अँफोटेरिसिन दिलं. ड्रिप सुरू होऊन तास झाला की हुडहुडी भरायची, मे महिन्याच्या उन्हात अंगावर दोन ब्लँकेट, दात वाजतायत, पलंग हलतोय, आणि मग ताप. चार दिवसांत क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) 1.1 वरून 2.8 वर गेलं आणि पोटॅशियम इतकं खाली आलं की पायातले गोळे थांबेनात. पाचव्या दिवशी जिल्ह्याच्या कोट्यातून लिपोसोमल आलं. यात तेच औषध चरबीच्या बारीक थेंबांत गुंडाळलेलं असतं म्हणून किडनी बऱ्यापैकी वाचते. पिवळी पावडर, पाणी घातलं की हळदीच्या पाण्यासारखी दिसते. सिस्टर दरवेळी सलाईनची लाईन आधी डेक्स्ट्रोजने, म्हणजे साखरेच्या पाण्याने, धुवून घ्यायच्या, मी विचारलं का हो, तर म्हणाल्या, "दादा, सलाईनमध्ये हे औषध दुधासारखं फाटतं." त्या माऊलीचे उपकार मी विसरणार नाही.

आता हिशोब बघा. म्युकरला लिपोसोमलचा डोस किलोमागे निदान 5 मिलिग्रॅम, अण्णा 60 किलोचे, म्हणजे रोज 300 मिलिग्रॅम, म्हणजे 50 च्या सहा व्हायल, आणि हे तीन-चार आठवडे. एक व्हायल तेव्हा सहा-सात हजारांना, तीही मिळाली तर. मी थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून तीन जिल्हे फिरलोय. जुलै 2021 पर्यंत देशात 45 हजारांवर म्युकरचे पेशंट नोंदले गेले आणि त्यात महाराष्ट्र न् गुजरात सगळ्यात पुढे. जूनमध्ये या इंजेक्शनवरचा जीएसटी शून्य केला, वर्ध्यातही उत्पादन सुरू झालं, सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. पण आमच्यासारख्यांचे आठवडे तोवर निघून गेले होते. अण्णांचा वरचा अर्धा जबडा आणि टाळू काढावी लागली. डोळा वाचला. आज ते टाळूची प्लेट लावून जेवतात, ती काढली की पाणी नाकातून येतं.

हेच औषध बिहारमध्ये काळ्या आजारावर (कालाआझारवर) देतात. वाळूमाशी चावून होणारा तो आजार, बुरशी नव्हे तर परजीवी, पण त्याच्या आवरणातही तसाच पदार्थ असल्यामुळे औषध लागू पडतं. पूर्वी तिथे साधं अँफोटेरिसिन दिवसाआड, एकूण पंधरा ड्रिप, महिनाभर दवाखान्यात पडून राहायचं आणि मजुरी बुडायची. मग डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूरला लिपोसोमलचा किलोमागे 10 मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन बघितला, 2010 साली निकाल आले, शंभरात पंचाण्णवच्या वर पेशंट बरे. आता सरकारी दवाखान्यात तो डोस फुकट मिळतो, औषध कंपनी डब्ल्यूएचओमार्फत देणगी म्हणून देते. गरिबातल्या गरिबापर्यंत हे महागडं औषध आधीच पोचवून ठेवता येतं, हे आपल्याच देशात झालंय. मग आपल्या जिल्ह्यांत का नाही?

म्युकर कोविडबरोबर आला आणि गेला असं बऱ्याच जणांना वाटतं, ते चूक आहे. तेव्हा चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात असलेले डॉ. अरुणालोक चक्रवर्ती कितीतरी वर्षं आधीपासून सांगत होते की आपल्याकडे कंट्रोलमध्ये नसलेल्या शुगरवाल्यांत हा आजार वाढतोय. शुगर काय उद्या संपणार आहे का, प्रत्येक वाड्यात एक पेशंट आहे.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये दोन पेशंटचा पहिला आठवडा निघेल एवढा लिपोसोमलचा साठा कायम हवा, वरच्या हिशोबाने 84 व्हायल होतात. एक्सपायरी जवळ आली की जवळच्या मेडिकल कॉलेजला द्या, तिथे वापरात येतील. साध्याचे न् लिपोसोमलचे बॉक्स मात्र वेगवेगळ्या कप्प्यात, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण नाव एकच, आणि लिपोसोमलच्या मापाने चुकून साधं दिलं गेलं तर माणूस दगावू शकतो. आणि नाकातल्या खपलीत बुरशी आहे का ते बघणारी केओएच तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, त्याला काचपट्टी, थोडं केमिकल आणि मायक्रोस्कोप लागतो, बाकी काही नाही. अण्णांच्या वेळी तालुक्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी हलणारी दाढ बघून, ती न काढता, तासाभरात पुढे पाठवलं म्हणून ते आज आहेत.

काकूंचं ऑपरेशन झालंय. इंजेक्शन तिसऱ्या दिवशी मिळालं, शेजारच्या जिल्ह्यातून, मीच जाऊन आणलं. थर्माकोलचा डबा तोच होता, माळ्यावर ठेवलेला.

आपला,
एक नियमित वाचक, मराठवाडा