दातदुखीवर अँटिबायोटिक हा इलाज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात दात ठणकू लागला की माणूस आधी लवंगेचे तेल किंवा मशेरी लावून पाहतो आणि त्याने भागले नाही की गावातल्या डॉक्टरकडे येतो, कारण दंतवैद्याकडे तालुक्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. दातदुखीचा पहिला उपचार असा आम्हा फॅमिली डॉक्टरांच्या हाती असतो, आणि तो पुष्कळदा एक इंजेक्शन व पाच दिवसांचे अमोक्सिसिलिन हे अँटिबायोटिक एवढ्यावरच संपतो, याची मला मनापासून काळजी वाटते.

गार-गरम लागल्यावर कळ बराच वेळ राहते, रात्री आडवे पडल्यावर वाढते, पण सूज नाही, ताप नाही, तेव्हा दुखणे बहुधा दाताच्या आतल्या नसेच्या दाहाचे असते. तेथील रक्तपुरवठाच खालावलेला असल्याने अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही एरवी निरोगी असलेल्या प्रौढांना अशा वेळी ते देऊ नये असेच सांगतात. पुढे नस मेली की ठणका आपोआप थांबतो, रुग्णाला गोळ्यांनी गुण आला असे वाटते, आणि मुळाशी जंतुसंसर्ग वाढत राहतो.

वेदना शमवण्यासाठी आयब्युप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. व पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ. जेवणानंतर एकत्र दिल्यास प्रौढांना चांगला आराम पडतो. मात्र मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गरोदरपण असल्यास आयब्युप्रोफेन टाळून केवळ पॅरासिटामॉलवर भागवावे. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरण्याची सवय तर मोडलीच पाहिजे. तिने तोंडाची त्वचा भाजते. श्रम करताना खालचा जबडा दुखत असेल, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते, म्हणून दाताकडे वळण्यापूर्वी ईसीजी काढावा.

जबड्याखाली सूज, तोंड न उघडणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास, यांपैकी काही दिसल्यास रुग्णाला त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात पाठवावे, कारण ही सूज श्वासनलिका दाबू शकते. (गुटखा खाणाऱ्याचे तोंड आधीपासूनच कमी उघडत असते, ते केव्हापासून, हे विचारावे.)

इतरांनाही गोळ्यांसोबत दंतवैद्याच्या नावे चिठ्ठी द्यावी आणि रूट कॅनल किंवा दात काढणे हाच खरा उपचार असल्याचे समजावून सांगावे. आरोग्य विभागाने सरकारी रुग्णालयांतील दंत ओपीडीचे वार व वेळा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठळक लावाव्यात आणि शक्य तेथे ही ओपीडी आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवावी, म्हणजे बाजाराला आलेल्या मजुराला वेगळा खाडा करावा लागणार नाही.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर, चोपडा (जि. जळगाव)